अवयव एकाचा, जोखीम सगळ्यांची

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं लागतात. उसाचा पट्टा, दुधाचा धंदा, डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागा. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं पंढरपूरला जाते. याच वाटेनं उलट दिशेला, आठवड्यातून दोनदा-तीनदा, डायलिसिसचे पेशंट बारामतीला येतात. हाताला मशीन जोडण्यासाठी फिस्टुला केलेला, पाणी मोजून प्यायचं, एका वेळेला चार-चार तास मशीनवर राहायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळे मशीनचा खर्च निभावतो. गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस मात्र घरालाच सोसावा लागतो. एवढं करूनही किडनी बरी होत नाही, ती बदलावीच लागते. त्यासाठी पुणं गाठायचं. घरातल्या कुणाची किडनी जुळली तर ठीक, नाहीतर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालून वाट बघायची.

ही यादी सरकत का नाही, हे देशाच्या आकड्यांवरून कळतं. २०२३मध्ये भारतात सगळ्या अवयवांची मिळून १८,३७८ प्रत्यारोपणं झाली. त्या वर्षी मेंदूमृत दात्यांची संख्या पहिल्यांदा हजाराच्या पुढे गेली, तीही जेमतेम. बाकीचे बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिले. एकशे चाळीस कोटींच्या देशात हजारभर दाते, म्हणजे वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा नंबर कधी लागणारच नाही.

म्हणून १६ मार्च २०२४ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका ६२ वर्षांच्या माणसाला डुकराची किडनी बसवली, तेव्हा ती बातमी आपल्याकडच्या किडनीच्या पेशंटनीही आशेनं वाचली. अशा वेळी लोक दोन प्रश्न विचारतात. शरीर स्वीकारेल का? आणि धर्माला चालेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा प्रश्न क्वचितच निघतो: किडनीबरोबर डुकरातून आणखी काय येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पेशंटनं आणि त्याच्या घरच्यांनी द्यायची आहेत. तिसऱ्याचं उत्तर चुकलं, तर त्याची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणून हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

डुक्कर औषधात आधीपासून आहे

डायलिसिसच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. जगातलं बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. मानवी इन्सुलिन १९८२मध्ये बाजारात आलं. त्याआधी मधुमेहाच्या पेशंटना डुकराचं किंवा गाई-बैलाचं इन्सुलिनच टोचलं जाई. हृदयाच्या खराब झालेल्या झडपेच्या जागी डुकराची झडप बसवण्याची शस्त्रक्रिया गेली कित्येक दशकं चालू आहे.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. तिथे डुकराची जिवंत पेशी माणसात जात नाही. हेपॅरिन आणि इन्सुलिन शुद्ध करून घेतलेली रसायनं आहेत. झडप ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेली असते, त्यात पेशीही मरतात आणि विषाणूही. किडनी किंवा हृदय मात्र जिवंत ठेवूनच बसवावं लागतं. जी प्रक्रिया विषाणू मारील ती अवयवही मारील. या एका अडचणीतून विषाणूंचा सगळा प्रश्न उभा राहतो.

मेलेल्या पदार्थाच्या बाबतीतही सावधपणा लागतोच. २००६च्या सुमारास चीनमधल्या डुकरांत ‘ब्लू इअर’ नावाचा विषाणुजन्य आजार पसरला आणि कच्च्या हेपॅरिनचा तुटवडा पडला. त्याच काळात हेपॅरिनमध्ये दुसरं स्वस्त रसायन मिसळलं गेलं. २००७च्या अखेरीस अमेरिकेत त्याची पहिली लक्षणं दिसली ती डायलिसिसवरच्या मुलांमध्ये. पुढे ही भेसळ अनेक मृत्यूंशी जोडली गेली. विषाणू डुकरातच राहिला, तरी त्याचे परिणाम डायलिसिसच्या खोलीपर्यंत पोचले.

बाल्टिमोरचे साठ दिवस

७ जानेवारी २०२२. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, मेरिलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. बार्टली ग्रिफिथ आणि डॉ. मोहम्मद मोहिउद्दीन यांच्या चमूनं डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. हृदय चालू लागलं. शरीरानं ते लगेच झिडकारण्याचा धोका टळला. पहिले काही आठवडे चांगले गेले.

विसाव्या दिवशी रक्ताच्या एका अतिसंवेदनशील चाचणीत डुकराच्या सायटोमेगॅलो विषाणूचा अंश दिसला. प्रमाण इतकं कमी होतं की चाचणीचीच चूक असेल असं वाटलं. पुढच्या आठवड्यांत ते वाढत गेलं. चाळीस दिवस उलटल्यावर पेशंटची तब्येत एकाएकी ढासळली, हृदयाच्या भिंती जाड झाल्या, आणि ८ मार्चला मृत्यू झाला. डॉक्टरांनी पुढे जे संशोधन प्रसिद्ध केलं त्यात मृत्यूची एकापेक्षा जास्त कारणं दिली आहेत. पेशंट आधीच खूप खंगलेला होता, त्याला दिलेल्या प्रतिपिंडांच्या औषधानंही हृदयावर आघात झाला असावा. त्या कारणांच्या यादीत हा विषाणूही आहे.

ज्या डुकराचं हृदय घेतलं, त्याची तपासणी झालेली होती. नाकातून घेतलेले नमुने निर्दोष आले होते. पण सायटोमेगॅलो हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. एकदा शरीरात शिरला की ऊतींमध्ये दडून बसतो आणि नाकात सापडेलच असं नाही. नंतर त्या डुकराच्या प्लीहेत तो सापडला. आपल्याकडच्या दूध उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. बाजारातून आणलेली गाय दिसायला धडधाकट असते, पण सांसर्गिक गर्भपाताचे जंतू तिच्या अंगात आहेत की नाहीत हे रक्तातली प्रतिपिंडं तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासलं नाही तर रोग गोठ्यात आणि धार काढणाऱ्याच्या अंगातही जातो.

या धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. म्युनिकमध्ये बबून माकडांना डुकरांची हृदयं बसवण्याचे प्रयोग झाले, त्यात एक माकड १९५ दिवस जगलं. २०२०मध्ये बर्लिनचे विषाणुशास्त्रज्ञ योआखिम डेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ज्या हृदयांत सायटोमेगॅलो विषाणू होता ती महिनाभरही टिकली नाहीत. हा विषाणू माणसाच्या पेशींत वाढतो असा ठोस पुरावा नाही, पण बसवलेला अवयव तो निकामी करू शकतो.

समाधानाची गोष्ट अशी की हा विषाणू कळपातून हटवता येतो. पिल्लू जन्मल्यावर एक-दोन दिवसांत आईपासून वेगळं केलं, बंदिस्त जागेत गाळलेल्या हवा-पाण्यावर वाढवलं आणि रक्तातली प्रतिपिंडं वारंवार तपासली, तर निर्विषाणू कळप तयार होतो. हेपॅटायटिस-ई आणि इतर बऱ्याच विषाणूंनाही हाच उपाय लागू पडतो. त्यासाठी महागड्या जनुकविद्येची गरज नाही. काटेकोर पशुपालन आणि योग्य चाचणी लागते.

जो विषाणू वेगळा काढता येत नाही

एका विषाणूला मात्र हा उपाय चालत नाही. डुकराचा रेट्रोव्हायरस, शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘पर्व्ह’, हा डुकराच्या जनुकसंचातच लिहिलेला आहे. पिल्लू कितीही स्वच्छ जागी वाढवा, तो आईबापांकडून वारशानं येतो. एचआयव्ही हाही रेट्रोव्हायरसच, आणि तो चिंपांझीकडून माणसात आला. त्यामुळे मार्च १९९७मध्ये लंडनच्या रॉबिन वाइस यांच्या गटानं प्रयोगशाळेत हा विषाणू माणसाच्या पेशींना लागण करतो असं दाखवलं, तेव्हा वैद्यकविश्व हादरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, डुकराच्या ऊतींचे माणसांवरचे प्रयोग थांबवले.

त्यानंतरचा पुरावा भीती कमी करणारा आहे. निरनिराळ्या कारणांनी डुकराच्या जिवंत ऊतींशी संबंध आलेल्या १६० पेशंटचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. एकालाही लागण झालेली नव्हती. २०१५मध्ये हार्वर्डचे जॉर्ज चर्च आणि लुहान यांग यांच्या गटानं ‘क्रिस्पर’ ही जनुकं कापण्याची पद्धत वापरून डुकराच्या पेशीतल्या या विषाणूच्या ६२ प्रती एकाच वेळी निकामी केल्या. दोन वर्षांनी अशी पिल्लंही जन्मली. बोस्टनमध्ये २०२४ साली बसवलेल्या किडनीत एकूण ६९ जनुकीय बदल होते, त्यांतले ५९ केवळ या विषाणूसाठी. शिवाय एचआयव्हीवरची काही औषधं या विषाणूलाही रोखतात.

आता कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. तसं म्हणता येत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे अवयव टिकवण्यासाठी केलेले काही बदल विषाणूच्याही सोयीचे ठरू शकतात. डुकराच्या पेशींवर गॅल नावाची एक साखर असते. आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध जन्मजात म्हणावीत अशी प्रतिपिंडं असतात, म्हणून डुकराचा साधा अवयव काही मिनिटांत काळा पडतो. त्यामुळे ही साखर बनवणारं जनुक काढून टाकतात. पण डुकराच्या पेशीतून बाहेर पडणाऱ्या विषाणूच्या आवरणावरही तीच साखर असते आणि आपली प्रतिपिंडं त्याला तिच्यावरूनच ओळखून मारतात. साखर गेली की विषाणूची ती खूणही गेली. तसंच अवयवाचं रक्षण व्हावं म्हणून डुकरात माणसाची सीडी-४६ आणि सीडी-५५ ही प्रथिनं घालतात. सीडी-४६ला चिकटून गोवराचा विषाणू पेशीत शिरू शकतो, तर सीडी-५५चा आधार काही एंटेरोव्हायरस घेतात. म्हणजे माणसाच्या विषाणूंनाही डुकराच्या पेशीत शिरायला वाट मिळू शकते.

दुसरं कारण पेशंटच्या शरीरात आहे. अवयव टिकावा म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. निरोगी माणसात जो विषाणू दोन दिवसांत संपला असता, त्याला इथे महिनोन्‌महिने राहून माणसाच्या शरीराशी जुळवून घ्यायची संधी मिळते.

न्यायानं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणसाच्या अवयवातूनही विषाणू येतात. मेंदूमृत दात्याची तपासणी काही तासांत उरकावी लागते. अमेरिकेत २००४मध्ये एकाच दात्याच्या अवयवांतून अनेकांना रेबीज झाला होता. डुक्कर मात्र महिनोन्‌महिने तपासता येतं. आणि आतापर्यंत ज्यांना डुकराचे अवयव बसवले, त्यांच्यापैकी कुणाकडून डुकराचा विषाणू दुसऱ्या माणसाला गेल्याचं आढळलेलं नाही. त्यामुळे हे संशोधन थांबवा असं म्हणणं यादीत नाव घालून बसलेल्या माणसावर अन्याय करणारं होईल. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याची देखरेख सार्वजनिक असली पाहिजे.

पुणे जिल्ह्यानं हे पाहिलेलं आहे

डुकरातला विषाणू माणसात येणं म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला बळी. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. तो एच१एन१ विषाणू डुकरांमधल्या वेगवेगळ्या फ्लूच्या विषाणूंची जनुकं एकत्र येऊन तयार झाला होता, आणि एप्रिलमध्ये अमेरिका खंडात प्रथम ओळखला गेल्यावर चार महिन्यांच्या आत पुण्यात जीव घेत होता. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था नमुने तपासत होती. पुढच्या वर्षी सीरम इन्स्टिट्यूटनं नाकातून देण्याची लस आणली. तेव्हा एक गोष्ट सिद्ध झाली. प्रयोगशाळा जवळ असली, नमुने वेळेत पोचले आणि माहिती उघड राहिली, की नुकसान आवरता येतं.

निपाहचा धडाही डुकराचाच आहे. १९९८-९९मध्ये मलेशियात फळबागांच्या सावलीत डुकरांचे वाडे होते. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडत, ती डुकरं खात. डुकरांतून रोग माणसांत आला. सुमारे २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले आणि दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. तोपर्यंत जगाला निपाह नावाचा विषाणू ठाऊकच नव्हता. म्हणजे ‘सगळ्या ज्ञात विषाणूंसाठी तपासलं’ हे वाक्य कधीच पुरेसं नसतं. मार्च २०२०मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, तेव्हा त्यांत निपाहच्या खुणा आढळल्या. याचा अर्थ बारामती-इंदापुरात भीती बाळगावी असा नाही. बागा, वटवाघळं, जनावरं आणि माणसं एकमेकांच्या जवळ राहतात तिथे पशुवैद्यक, वैद्यक अधिकारी आणि विषाणुशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

नियम नसले की काय होतं

१ जानेवारी १९९७ रोजी गुवाहाटीजवळच्या सोनापूर इथे डॉ. धनीराम बरुआ यांनी हाँगकाँगच्या एका शल्यविशारदाच्या साथीनं ३२ वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. सात दिवसांनी तो माणूस जंतुसंसर्गानं गेला. बरुआंना १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली आणि सुमारे चाळीस दिवस ते कोठडीत होते. त्या प्रकरणात बरुआ काळाच्या पुढे होते की कायद्याच्या बाहेर, यावर आजही वाद होतो. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते डुक्कर कोणत्या विषाणूंसाठी तपासलं, पेशंटच्या रक्ताचे नमुने कुणी जपले, घरच्यांवर लक्ष कुणी ठेवलं, या प्रश्नांना बांधलेली कुठलीही व्यवस्था तेव्हा नव्हती. रॉबिन वाइस यांचा इशारा त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

जागतिक आरोग्य परिषदेनं २००४मध्ये ठराव केला, की सरकारचं परिणामकारक नियंत्रण असेल तिथेच प्राण्याच्या अवयवाचं प्रत्यारोपण होऊ द्यावं. २००८मध्ये चीनमधल्या चांगशा इथल्या बैठकीत तीच भूमिका सविस्तर मांडली गेली. अमेरिकेच्या २००१च्या मार्गदर्शक सूचना तर फार स्पष्ट होत्या. पेशंटची देखरेख आयुष्यभर. डुकराचे आणि पेशंटचे नमुने व नोंदी ५० वर्षं जपायच्या. पेशंटनं आणि त्याच्या निकटच्या जोडीदारानं रक्तदान करायचं नाही.

या अटी आपल्या दोन तालुक्यांत लावून पाहा. इथे वाढदिवस असो, जयंती असो की गणेशोत्सव, रक्तदान शिबिर ठरलेलं. तिथल्या टेबलावर ‘तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला प्राण्याचा अवयव बसवला आहे का’ हा प्रश्न आला पाहिजे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या साखर कारखान्यांवर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. सहा महिने इथे, सहा महिने गावी. अशा घरातल्या पेशंटची देखरेख आयुष्यभर कोण करणार? पन्नास वर्षं नमुना उणे ऐंशी अंशांत जपायचा तर तो कुठे ठेवायचा? आणि सर्वांत नाजूक प्रश्न संमतीचा. साध्या शस्त्रक्रियेत पेशंट कधीही उपचार सोडू शकतो. इथे एकदा अवयव बसला की तपासणी सोडायचं स्वातंत्र्य त्याला नाही, कारण धोका त्याच्या एकट्याचा नाही. हे त्याला, त्याच्या बायकोला, आईला त्यांच्या भाषेत, सही घेण्याआधी, नीट बसून सांगितलं गेलं पाहिजे.

आता काय करायचं

बोस्टनच्या त्या पेशंटचा दोन महिन्यांनी मृत्यू झाला. किडनीमुळे तो झाला असं डॉक्टरांना आढळलं नाही. जानेवारी २०२५मध्ये त्याच रुग्णालयात बसवलेली दुसऱ्या एका पेशंटची किडनी २७१ दिवस चालली आणि मग काढावी लागली. अमेरिकेत २०२५मध्ये रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली आहे. चीनमध्येही वेगानं काम चालू आहे. ही विद्या आपल्याकडे येणार. ती आली की आधी मोठ्या शहरांत येईल आणि मग पेशंट आपापल्या गावी परततील. म्हणून तयारी गावापर्यंत हवी.

केंद्र सरकारनं परवानगी देण्याआधी तीन गोष्टी कायद्यात लिहाव्यात: दात्या डुकरांच्या कळपाची स्वतंत्र आणि उघड तपासणी, पेशंटची सरकारी खर्चानं आयुष्यभर देखरेख, आणि नमुन्यांची सार्वजनिक पेढी. बेनेटच्या प्रकरणात विषाणूची बातमी मृत्यूनंतर दोन महिन्यांनी बाहेर आली. आपल्याकडे असा निष्कर्ष लगेच जाहीर करणं बंधनकारक असावं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे उच्चतम सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्या-तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांना एका साखळीत जोडायला डुकराच्या किडनीची वाट पाहायची गरज नाही. स्वाइन फ्लूसाठी आणि निपाहसाठी ती आजच हवी आहे.

आणि जे काम आज, विनाखर्च करता येतं ते आपलं आहे. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून जाहीर करतं, त्यानंतर माणूस परत येत नाही. त्या वेळी घरच्यांनी होकार दिला, तर दोन किडन्या दोन माणसांना मशीनवरून उठवतात. ‘नोटो’ या अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर अवयवदानाचा संकल्प नोंदवा. पण नोंदणीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे या दिवाळीत घरची सगळी माणसं एकत्र बसतील तेव्हा आपली इच्छा त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा, कारण शेवटची सही त्यांची असते.